उखळीखालचं पाणी

नांदूरखडी गावाने लष्कराच्या चांदमारीविरुद्ध, म्हणजे तोफांच्या सरावाविरुद्ध, एकवीस वर्षांत चौदा अर्ज केले होते. म्हशी पान्हा चोरतात, भिंतींना तडे जातात, कोंबड्या अवेळी अंडी घालतात, अशी कारणं दर अर्जाला वाढत गेली होती. चौदाव्या अर्जात तर तीन मोडलेल्या सोयरिकींचं खापरही उखळी तोफांवर फोडलेलं होतं. २०३८ सालच्या मार्चमध्ये पंधरावा अर्ज गेला. त्यात लिहिलं होतं, 'आमच्या शिवारात लवकरात लवकर मोर्टार मारून मिळावा, ही नम्र विनंती. शेजारच्या दोन्ही गावांत मारला, आमच्यात एकदाही नाही. हा उघड अन्याय आहे.'

या हृदयपरिवर्तनाला कारण एक पेटी होती, आणि ती पेटी हवालदार अंकुश ठोंबरेच्या ताब्यात होती.

अंकुश सतरा वर्षं पायदळाच्या उखळीवर, म्हणजे मोर्टारवर होता. उखळीची रचना कोणालाही समजेल अशी असते. एक नळी, दोन पाय आणि बुडाखाली जाड लोखंडी बेसप्लेट. बॉम्ब नळीच्या तोंडातून आत सोडायचा. तो बुडाशी जाऊन खिळ्यावर आपटतो आणि आल्या वाटेने दुप्पट रागाने बाहेर पडतो. जेवढ्या रागाने बॉम्ब वर जातो, तेवढ्याच रागाने बेसप्लेट जमिनीत दबते. वर जाणाऱ्याचं कौतुक जगभर होत आलंय. खाली गेलेल्या धक्क्याचं पुढे काय होतं, हे शंभर-सव्वाशे वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

ते पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. केतकी आगाशे यांनी विचारलं. त्यांचं मूळ काम वेगळं होतं. दर बॉम्बला प्लेट थोडी खचते, थोडी कलते आणि पुढचा नेम हुकतो. तो हिशेब ठेवायला त्यांनी प्लेटला संवेदक लावले आणि जमिनीत ओळीने खिळ्यांसारखे चोवीस 'कान' ठोकले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की धक्का खाली जातो आणि तिथल्या बातम्या घेऊन परत येतो. बाजारात बाई मडकं घेताना टिचकी मारते, तसंच. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे एकावर एक रचलेले थर. सलग दगडातून लाट सेकंदाला पाच किलोमीटर धावते. भेगाळ दगडात पाणी असेल तर ती रेंगाळते, आवाज बसतो. किती उशिरा आली आणि किती बसलेल्या आवाजात आली, यावरून या कानांना जोडलेली पेटी पडद्यावर चित्र काढायची. कोरडं ते राखाडी, ओलं ते निळं.

शेजारच्या दोन गावांत वाळू भरलेले सरावाचे बॉम्ब चांदमारीच्या टेकडीकडे उडवले, पेटीने निळं दाखवलं, तिथे बोअर घेतली आणि दोन्हीकडे तीन-तीन इंच पाणी लागलं. त्यानंतर आसपासच्या गावांत मुलांनी उखळीची रांगोळी काढायला सुरुवात केली. अंकुशचं नाव नायब सुभेदारीसाठी वर गेलं.

नांदूरखडी ही अंकुशची सासुरवाडी. तिथेच घोटाळा होता.

त्याचे सासरे सखाहरी कुदळे पाणाड्या होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालत. जिथे नारळ उभा राही तिथे पाणी. चाळीस वर्षं त्यांनी दोन तालुक्यांना जागा दाखवल्या होत्या. पाणी लागलेल्या विहिरी सगळ्या मुलखाच्या लक्षात राहिल्या, न लागलेल्या फक्त खोदणाऱ्याच्या. आता गावाला सरकारी योजनेतून एक बोअर मंजूर झाली होती. एकच. टँकर दिवसाआड यायचा आणि पुढची बोअर मंजूर व्हायला आणखी किती आमदार बदलावे लागतील, याचा नेम नव्हता. जागा पेटी सांगेल तिथे, असं ग्रामसभेत ठरलं.

त्याच ग्रामसभेत मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जावयाला विचारलं होतं, "किती खोल दिसतं तुमच्या पेटीला?"

"तीनशे फूट, मामा."

"आन् ते दिसलेलं पानी पिता येतं, का निस्तं बघायचं?"

सभा हसली. सतरा वर्षं तोफेजवळ राहिलेल्या माणसाला परतफेड करायची सवय असते. अंकुश म्हणाला, "मामा, आता त्या नारळाची चटणी करा. सायन्स आलंय."

या वाक्याला सभा जास्त वेळ हसली. हसू ओसरलं तेव्हा मामांची जागा रिकामी होती.

तेव्हापासून मामा जावयाशी बोलत नव्हते. म्हणजे बोलत होते, पण अंकुशच्या बायकोमार्फत, रोहिणीमार्फत. अंकुश समोर पाटावर बसलेला असायचा आणि मामा लेकीला म्हणायचे, "रोहिणे, तुझ्या नवऱ्याला इचार, भाकरी वाढू का." रोहिणी नवऱ्याला विचारायची. तो "हो" म्हणायचा. ती वडलांना "हो म्हणतात" असं सांगायची. एका जेवणात ती दमून जायची.

"तुमचं दोघांचं जुळेपर्यंत मला पगार सुरू करा," ती एकदा अंकुशला म्हणाली. "फौजेत निरोप पोचवणाऱ्या सिग्नलच्या माणसाला देतात तेवढा."

गावाचा गायरान माळ म्हणजे काळा खडक, वर दोन बोटं मुरूम. खडकावर बेसप्लेट ठेवणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर पाट मांडण्यासारखं असतं. पहिल्याच बॉम्बला ती उडी मारते, कधी तडकतेही. यावर उखळीवाल्यांचा जुना उपाय आहे. मातीने भरलेली गोणी खाली अंथरायची आणि ती भिजवायची. ओली गोणी प्लेटला धरून ठेवते आणि धूळ उडू देत नाही. अंकुशचे जुने सुभेदार म्हणायचे, "कोरडी गोणी म्हणजे शत्रूला आपल्या पत्त्याचं कार्ड." शेजारच्या दोन गावांत काळी माती होती, तिथे गोणी लागली नव्हती. इथे अंकुशने गोणी अंथरली, अर्धी बादली पाणी ओतलं, पायाने दाबली आणि वर प्लेट बसवली. डॉ. आगाशे तेव्हा पलीकडे जमिनीत कान ठोकत होत्या.

नायक दस्तगीर मुजावरने बॉम्ब नळीच्या तोंडाशी धरला. अंकुशने "फायर!" म्हटल्याबरोबर त्याचा हात सुटला आणि डोकं खाली गेलं. ठप्प! बऱ्याच वेळाने दूरच्या टेकडीवर धुळीचा एक ठिपका उठला. तिकडे कोणी पाहिलं नाही. अख्खं गाव पेटीच्या पडद्याकडे बघत होतं.

साठ फुटांवर निळा पट्टा.

माळावर पाच ठिकाणी उखळ मांडली, पाचही ठिकाणी निळा पट्टा. "एवढा मोठा जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर, मी अजून पाहिला नाही," डॉ. आगाशे म्हणाल्या आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बायकांनी नळीला हळदकुंकू लावलं. दस्तगीरकडेही ताट वळलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी नुसता सोडतो. मारते ती."

पाचवी जागा मागच्या वर्षीच्या बोअरपासून दहा पावलांवर होती. ती बोअर चारशे वीस फूट गेली होती आणि वर फक्त दगडाचं पीठ आलं होतं.

"मॅडम, हे कसं?" अंकुशने विचारलं.

"सहा इंचांचं भोक ते. भेग शेजारून गेली असेल."

हे अंकुशला पटलं. उखळीवाल्याला शेजारून जाणं समजतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम सरपंच प्रमिलाबाई वाघचौऱ्यांकडे पुरणपोळी खायला गेल्या. नोंदीसाठी पहिल्या जागेवर आणखी एक बॉम्ब मारून ठेवा, असं सांगून गेल्या. गोणी सकाळपासून तिथेच उन्हात होती. बॉम्ब उडाला. पडद्यावरचा पट्टा कालच्या निम्माही नव्हता.

अंकुश पेटीसमोर उकिडवा बसला. साठ फूट दगडाखालचं पाणी एका दिवसात कुठे गेलं? कोणी प्यायलं? त्याने पेटी बंद करून पुन्हा चालू केली. सरकारी यंत्राला पहिला उपचार तोच असतो.

"उस्ताद, गोणी पार वाळलीय," दस्तगीर बादली घेऊन उभा होता. "पाणी मारू?"

"मार," अंकुश म्हणाला, आणि गोणीत मुरणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

पुढच्या बॉम्बला पट्टा पुन्हा कालच्याएवढा झाला.

नेम धरताना उखळीवाला एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. अंकुशने प्लेट तीच ठेवली, जागा तीच, बॉम्बची ताकद तीच. फक्त एका ओल्या गोणीच्या दोन केल्या. पट्टा दुप्पट जाड झाला. तीन केल्यावर पडद्यावर तळं दिसलं.

"उस्ताद," दस्तगीर गंभीरपणे म्हणाला, "आणखी दोन टाकल्या तर समुद्र लागेल. गावाला बंदर होईल."

अंकुश हसला नाही. लाट प्लेटमधून निघून आधी गोणीत रेंगाळत होती, तिथेच तिचा आवाज बसत होता, आणि पेटी समजत होती की ती खालच्या भेगांत रेंगाळली. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला ओल शोधायला सांगितली होती आणि ओल होती. ती साठ फुटांवर नव्हती, सहा इंचांवर होती. मॅडमना गोणीचं कोणी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. चहा दिल्यावर त्यात पाणी घातलंय हे कोणी सांगतं का?

उद्या सकाळी बोअरची गाडी येणार होती. कर्नलसाहेब, तहसीलदार, फोटोवाले, सगळे येणार होते. गप्प बसलं तर काय होईल, ते अंकुशला स्वच्छ दिसत होतं. बोअर कोरडी जाईल, 'भेग शेजारून गेली' असं अहवालात लिहिलं जाईल आणि त्याच्या खांद्यावर नायब सुभेदारीची फीत येईल. गावाला टँकर दिवसाआड येतच राहील.

"मी काय बोलत नाही, उस्ताद," दस्तगीर म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

"तू असं म्हणू नकोस रे. त्याने जास्त त्रास होतो."

घरी त्याने रोहिणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

"मग आता?"

"मॅडमना सांगायला हवं. कर्नलसाहेबांना."

"त्यांना सांगालच. आधी माझ्या अण्णांना सांगा. चारचौघांत बोललात ना त्यांना? मग चारचौघांच्या आधी त्यांना कळायला पाहिजे."

"चल मग, तू पण चल."

"मी येणार नाही. माझी ड्युटी संपली."

मामा गोठ्यामागे बाजेवर बसून विळ्याला धार लावत होते. ऊन उतरलं होतं. अंकुश समोर उभा राहिला आणि कवायतीच्या आवाजात सगळं सांगून मोकळा झाला. गोणी, अर्धी बादली, तळं, सगळं. मामांनी सवयीने मान वळवली. "रोहिणे, तुझ्या नवऱ्याला सांग..." तिथे रोहिणी नव्हती. एक शेळी होती.

मामांनी शेळीकडे पाहिलं, मग नाइलाजाने जावयाकडे. "बसा," ते म्हणाले.

अंकुश बसला. आता ते हसतील, गावभर सांगतील, चटणीचं वाक्य व्याजासकट परत करतील, या सगळ्याची त्याने तयारी केली होती. मामा मात्र विळा बाजूला ठेवून स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले.

"नारळ उभा कसा ऱ्हातो, म्हाईत हाय का तुम्हाला?"

"नाही."

"मागं धा-वीस मान्सं असत्यात. समद्यांचं डोळं या हातावर. मालक जीव मुठीत धरून चालत असतो. मग तळव्याला घाम सुटतो. कोरड्या तळव्यावरून नारळ सटकतो, वल्या तळव्यावर धरून ऱ्हातो. जरासा कलवला की उभा." त्यांनी हात मिटला. "वल माझीच, बापू. तुमच्या गोनीवानी."

"मग चाळीस वर्षं पाणी लागलं ते?"

"नारळ हातावर, पर डोळं झाडावर. उंबर कुठं तगलाय, वारूळ कुठं हाय, चैतात कुनाच्या बांधाला हिरवं ऱ्हातंय. जागा आधी ठरती. तिथं पोचलं की घाम आपसूक येतो."

"मग नारळ कशाला?"

"मग तुमची पेटी कशाला? निस्त्या म्हाताऱ्याचं कोन ऐकतं?"

अंकुशने विचारलं, "माळावर आहे का पाणी?"

"माळावर काय न्हाई."

"मग ग्रामसभेत का नाही बोललात?"

मामांनी विळा पुन्हा हातात घेतला. "न्हाई म्हननाऱ्या पानाड्याला दुसऱ्यांदा कोन बोलावतं, सांगा. चाळीस वर्सांत हा शबुद मी कामावर असताना वापरला न्हाई. जिथं न्हाई वाटलं, तिथं बी एक जागा दाखवली. लोकं खनत बसली." धारेवरून अंगठा फिरवून ते म्हणाले, "वढ्याच्या वळनाला जांभळीखाली असंल वाटतं. पर खातरी न्हाई. तुमच्या फौजेत खातरी न्हाई असं म्हनता येतं का?"

"उद्या कळेल," अंकुश म्हणाला.

सकाळी गाडीला वेळ होता, तेवढ्यात त्याने मॅडमना गाठलं. त्या रागावतील किंवा रडतील, असं त्याला वाटलं होतं. त्यांनी वही काढली.

"एका गोणीला किती पाणी?"

"अर्धी बादली."

"दर वेळी अर्धीच?"

"दस्तगीर ओततो. अंदाजे."

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद दिसायला लागला. "तीन गोण्यांचं चित्र पुसलं नाही ना?"

कर्नलसाहेब आले. तहसीलदार आले. बोअरची लांबलचक गाडी माळावर येऊन उभी राहिली. भाषण सुरू होण्याआधी अंकुशने सॅल्यूट ठोकला. "साहेब, एक बॉम्ब गोणीशिवाय मारायची परवानगी द्या."

"खडकावर? प्लेट तडकली तर?"

"तर चौकशी माझ्यावर, साहेब."

कर्नलसाहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. प्लेट उघड्या खडकावर बसली. ठप्प! ती वीतभर उडाली आणि दगडाची एक कपची अंकुशच्या नडगीला लागून गेली. पडदा राखाडी झाला. वरपासून खालपर्यंत राखाडी.

अंकुशने गावाकडे तोंड केलं आणि कालच्याच कवायतीच्या आवाजात सगळं पुन्हा सांगितलं. शेवटी मागून एक बाई म्हणाली, "म्हंजी आमी हळदकुंकू गोनीसाठी लावलं व्हय?"

लोक हसले, पण हसण्यात दम नव्हता. कर्नलसाहेब हसले नाहीत. फितीचं काय झालं, ते अंकुशला त्यांच्याकडे न बघताही कळलं.

"ते समदं ठीक," सरपंच प्रमिलाबाई म्हणाल्या. "पर पानी कुठंय? गाडी संध्याकाळी चालली परत."

कोणी सांगितलं नसताना सगळ्या माना मामांकडे वळल्या. मामांचे दोन्ही हात रिकामे होते. त्यांनी घसा साफ केला.

"या माळावर न्हाई," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत गावाने त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला होता. एक-दोघांना वाटलं म्हाताऱ्याची तब्येत बिघडली.

मामा ओढ्याकडे चालायला लागले. त्यांच्यामागे नळी खांद्यावर घेतलेला अंकुश, प्लेट घेतलेला दस्तगीर, कानांची पिशवी घेतलेल्या मॅडम आणि त्यांच्यामागे शासन. जांभळीखाली गाळाची माती होती, गोणीची गरज नव्हती. दोन बॉम्ब प्लेट बसवायला गेले, तिसरा मोजायला. पडद्यावर दीडशे फुटांच्या खाली एक फिकट पट्टा आला. धड निळाही नव्हता, धड राखाडीही नव्हता.

"कदाचित," डॉ. आगाशे म्हणाल्या.

तहसीलदारांनी अर्ज उघडला. "मॅडम, इथे दोनच रकाने आहेत. पाणी आहे, पाणी नाही. कदाचितचा रकाना नाही. आणि जागा ठरवणाऱ्याची सही लागेल."

"प्रयोगशाळा स्थळनिश्चिती करत नाही," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "तसं आम्हाला चालत नाही."

"सेनेची भूमिका फक्त साहाय्याची आहे," कर्नलसाहेब म्हणाले.

प्रमिलाबाईंनीही पेनाकडे हात नेला नाही. कोरडी गेली तर पुढची निवडणूकही कोरडी जाणार होती. पेन हवेत राहिलं.

मामांनी आयुष्यात कोणत्याही जागेवर सही केली नव्हती. पाणी लागलं नाही की पाणाड्या दुसऱ्या गावाला गेलेला असतो, हा त्या धंद्याचा पाया आहे. त्यांनी पेन घेतलं. 'आहे' आणि 'नाही' यांच्या मधल्या रेघेवर खूण केली आणि खाली एकेक अक्षर जोडत 'सखाहरी कुदळे' असं लिहिलं. मग पेन जावयापुढे धरलं. अंकुशने त्याखाली सही केली, नाव, नंबर आणि हुद्दा घालून. हवालदार.

"हे नियमात बसत नाही," तहसीलदार म्हणाले.

"बसवा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आमी टँकरमदी बसवलंय न्हवं आयुष्य?"

गाडी सुरू झाली. पहिल्या वीस फुटांत माती आली, मग पांढरं पीठ. शंभर फुटांवर पीठ. एकशे वीसवर पीठ. झाडाखालचे लोक एकेक करून कामाला निघाले. दीडशेला पीठ आलं तेव्हा तहसीलदारांनाही दुसरीकडे मीटिंग असल्याचं आठवलं. सासरे आणि जावई एका दगडावर शेजारी-शेजारी बसले होते. दोघांचे चेहरे आणि भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"बापू," मामा गाडीच्या आवाजात त्याच्या कानाशी म्हणाले, "हितनं वढ्यावाटं निघायची एक वाट हाय. मला लई येळा उपेगी पडलीय."

"सही केलीय, मामा."

"त्याच्यायला, व्हय की."

ते बसून राहिले. एकशे साठ. एकशे सत्तर. मॅडम दर पाच फुटांना मूठभर पीठ पिशवीत भरून वर आकडा लिहीत होत्या. कोरडं असलं तरी त्यांना ते हवंच होतं. एकशे ब्याऐंशीला गाडीचा आवाज बदलला. पीठ तांबडं झालं, मग गोळे होऊन पडायला लागलं, आणि मग भोकातून चिखल उसळून दोघांच्या अंगावर आला.

प्रमिलाबाई धावत आल्या. "किती? किती इंच?"

"एक. सव्वा," गाडीवाला म्हणाला. "ज्यादा नही है."

सव्वा इंच म्हणजे टँकर बंद होणार नव्हता. दिवसाआडचा आठवड्यावर जाणार होता, एवढंच. बायका हंडे आणायला पळाल्या, आणि पहिला नळ वरच्या आळीत की खालच्या, यावरून दोन मिनिटांत भांडण सुरू झालं.

मामा तिकडे गेले नाहीत. खाली वाकून त्यांनी मूठभर चिखल उचलला, बोटांनी चोळला, नाकाशी नेला. मग तोच हात त्यांनी अंकुशपुढे धरला.

"बघा," ते म्हणाले. "ही वल आपली न्हवं."